घोडदळातून आकाशाकडे : जे. आर. डी. टाटा आणि वैमानिक निवडीचा जुना प्रश्न

वाशीम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीरच्या शिवारातून दिसणारे विमान म्हणजे आभाळात उंच सरकणारी पांढरी रेघ, एवढीच येथील बहुतेकांची विमानाशी ओळख. तरीही बारावी विज्ञान शाखेच्या वर्गात वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारी मुले-मुली असतातच, आणि त्यांच्या पालकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. आधी हवाई दलात जावे आणि सेवा संपल्यावर प्रवासी विमान कंपनीत यावे, की फ्लाइंग क्लबात शुल्क भरून थेट व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवावा? लष्करी शिस्तीत घडलेला वैमानिक अधिक भरवशाचा, की पहिल्या दिवसापासून नागरी विमानावर हात बसलेला?

हा वाद आजचा नाही. भारतीय हवाई वाहतुकीचा पाया ज्यांनी घातला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्या आयुष्यात तो वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा डोकावतो. जेआरडींचे उद्योगपती म्हणून कर्तृत्व सर्वश्रुत आहे. या प्रश्नाच्या उजेडात मात्र त्यांचे चरित्र क्वचितच वाचले जाते.

सैनिक, पण घोड्यावरचा

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांच्या नात्यातील आणि व्यवसायातील सहकारी, तर आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्देलो या गावी हे कुटुंब सुटीला जात असे. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर तेथे होते. समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहतच हा मुलगा वाढला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला पहिली हवाई सफर घडली आणि वैमानिक होण्याचा निश्चय त्याच वेळी झाला.

फ्रेंच नागरिकत्वामुळे तरुणपणी त्यांना फ्रान्सच्या सैन्यात एक वर्षाची सक्तीची सेवा करावी लागली. विमानाचे वेड असलेल्या या तरुणाच्या वाट्याला मात्र स्पाही नावाचे घोडदळ आले. घोडेस्वारीच्या प्रसिद्ध लष्करी शाळेत शिकण्यासाठी सेवेची मुदत वाढवावी, असे त्यांच्या मनात होते. वडिलांनी ते ऐकले नाही आणि मुलाला भारतात बोलावून घेतले. पुढे त्यांची तुकडी मोरोक्कोच्या मोहिमेत गारद झाली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. लष्करी गणवेश अंगावर चढवलेला हा माणूस विमान शिकला तो मात्र पूर्णपणे नागरी मार्गाने.

जुहूचा क्लब आणि आगाखान पारितोषिक

१९२० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी साह्याने देशात फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला होता. जेआरडींनी तेथे शिक्षण घेतले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या या परवान्यावर क्रमांक होता एक. त्या काळी भारतीय तरुणाला उडण्याची इच्छा झाली, तर क्लब हाच दरवाजा होता. भारतीय हवाई दल तोवर स्थापनच झालेले नव्हते.

क्लबाच्या या पिढीची खरी कसोटी लागली ती १९३० मध्ये. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. तिघे स्पर्धेत उतरले. जेआरडी कराचीहून निघाले. अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर आणि मनमोहन सिंग इंग्लंडहून निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे जेआरडी उतरले, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी आधी पोहोचले आणि पारितोषिक त्यांचे झाले. मनमोहन सिंगही पोहोचले, परंतु ठरलेल्या मुदतीत नव्हे.

या तिघांच्या पुढच्या वाटा पाहण्याजोग्या आहेत. अस्पी इंजिनिअर इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात दाखल झाले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैमानिक झाले आणि मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात मृत्यू पावले. जेआरडी नागरी क्षेत्रातच राहिले. तिघेही नागरी विद्यार्थी असताना त्यांतील दोघे लष्कराच्या उपयोगी पडले. लष्करातून नागरी क्षेत्राकडे वैमानिक येतात, एवढीच एक बाजू आपण पाहतो. प्रारंभी प्रवाह नेमका उलटा होता.

एका आठवड्याचे अंतर

टाटांच्या हवाई टपाल सेवेची मूळ कल्पना मात्र एका माजी लष्करी वैमानिकाची होती. नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश रॉयल एअर फोर्समध्ये शौर्यपदक मिळवून बाहेर पडलेले अधिकारी विमान घेऊन भारतात आले होते. कराचीपर्यंत येणारे विलायती टपाल तेथून मुंबई व मद्रासला विमानाने न्यावे, हा त्यांचा प्रस्ताव. टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा प्रथम राजी नव्हते. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळविले आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलास संमती मिळाली. सरकारी मंजुरीत मात्र तीन वर्षे गेली.

अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी एका छोट्या पस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरले. ते बैलगाडीतून आणलेले होते. जुहूला ते उतरल्यावर टपाल व्हिन्सेंट यांच्या स्वाधीन झाले आणि त्यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. पहिला टप्पा क्लबात शिकलेल्या नागरी वैमानिकाचा आणि दुसरा युद्धात तावून सुलाखून निघालेल्या लष्करी वैमानिकाचा, अशी ही सुरुवात होती.

भारतीय हवाई दलाची स्थापना झाली ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे या उड्डाणाच्या अवघ्या सात दिवस आधी. त्या दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी उभी राहिली, तीही कराचीच्या द्रिघ रोड येथेच. भारताचे लष्करी आणि नागरी विमानोड्डाण असे एकाच मातीवरून झेपावले.

टाटांच्या सेवेने पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी व सुमारे दहा टन टपाल वाहिले. विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा स्थितीत वेळ पाळणे हेच वैमानिकाचे मुख्य कौशल्य ठरले. लढाऊ वैमानिक धोका पत्करण्यासाठी तयार केला जातो. टपालाच्या वैमानिकाला मात्र धोका टाळून रोज त्याच वाटेने, त्याच वेळी पोहोचायचे असते. या दोन वृत्तींचा मेळ घालणे हे या छोट्या संस्थेपुढचे काम होते.

युद्ध, डाकोटा आणि नागपूर

दुसऱ्या महायुद्धाने ही सीमारेषा पुसून टाकली. १९३९ मध्ये हवाई दलाची स्वयंसेवक राखीव शाखा उभी राहिली, तेव्हा तिचे मनुष्यबळ मुख्यतः फ्लाइंग क्लबांतून आले. टाटांची विमाने युद्धकार्याला जुंपली गेली. विमाननिर्मितीच्या योजनेसाठी धडपडणारे व्हिन्सेंट १९४२ मध्ये रॉयल एअर फोर्सच्या विमानातून प्रवास करीत असता बेपत्ता झाले. जेआरडींनी आपला जोडीदार गमावला.

युद्ध संपताच लष्कराने मोडीत काढलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि सेवामुक्त वैमानिकही उपलब्ध झाले. गल्लोगल्ली म्हणाव्या अशा विमान कंपन्या निघाल्या. मोजक्या प्रवाशांसाठी इतक्या कंपन्यांना परवाने देण्यास जेआरडींचा विरोध होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरविण्याची वेळ आली, तेव्हा हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांची डाकोटा विमाने आणि त्यांचे नागरी वैमानिकही धावले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. विदर्भाला देशाच्या हवाई नकाशावर मध्यवर्ती स्थान देणारी ही योजना परवडणारी नाही, असे जेआरडींचे मत होते. तरी ती पुढे अनेक वर्षे चालली.

दरम्यान, टाटा एअरलाइन्सचे नाव १९४६ मध्ये एअर इंडिया झाले आणि ८ जून १९४८ रोजी कॅप्टन के. आर. गझदर यांच्या नेतृत्वाखाली मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला झेपावले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही अध्यक्षपद जेआरडींकडेच राहिले. हवाई दलानेही या नागरी वैमानिकाचा गौरव केला. १९४८ मध्ये ग्रुप कॅप्टन, १९६६ मध्ये एअर कमोडोर आणि १९७४ मध्ये एअर व्हाइस मार्शल असे मानद हुद्दे त्यांना मिळाले.

अध्यक्षपदावरून दूर

फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांच्या जागी आले ते माजी हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल. वरवर पाहता नागरी माणसाच्या जागी लष्करी माणूस, असाच हा बदल दिसतो. प्रत्यक्षात लाल यांनी तरुणपणी दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात नागरी परवाना मिळविला होता, स्वयंसेवक राखीव शाखेतून ते हवाई दलात गेले होते आणि इंडियन एअरलाइन्सचा कारभारही त्यांनी सांभाळला होता. जेआरडींना झालेले दुःख लाल यांच्या नेमणुकीपेक्षा, दीर्घ सेवेनंतर ज्या रीतीने निरोप मिळाला त्याचे होते. १९८० मध्ये इंदिरा गांधी सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई हे पहिले उड्डाण पुन्हा करून दाखविले. १९९२ मध्ये ते भारतरत्न झाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या उमेदवारासाठी

आज व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे, तर विमानाचे कप्तानपद भूषविण्यास लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी १५०० तासांचे उड्डाण लागते. हवाई दलाच्या वैमानिकालाही नागरी परीक्षा व विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण चुकत नाही. लढाऊ विमानात एकट्याने निर्णय घेण्याची सवय लागलेल्यास दोघांच्या कॉकपिटमध्ये सहकाऱ्याचे ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागते. क्लबातून आलेल्या नवख्याला वादळी हवेचा व बिघाडाचा अनुभव कमी असतो. दोघांनाही काही नव्याने शिकावे लागते.

दोन गोष्टी मात्र विसरता येत नाहीत. केवळ लष्करी वैमानिकच घ्यायचे, असे धोरण असते तर १९४७ मध्ये डेक्कन एअरवेजमध्ये दाखल झालेल्या प्रेम माथूर किंवा १९८५ मध्ये सर्व महिला कर्मचाऱ्यांचे विमान नेणाऱ्या सौदामिनी देशमुख यांना संधीच मिळाली नसती, कारण हवाई दलाने वैमानिक म्हणून महिलांना प्रवेश दिला तो १९९० च्या दशकात. उलट, केवळ नागरी मार्गच उरला तर तो सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो. नागरी प्रशिक्षणाचा खर्च लाखोंच्या घरात आहे. हवाई दलाचे प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलांची तयारी करून घेणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात आहे आणि चंद्रपूरला २०१९ पासून सैनिकी शाळाही आहे.

जेआरडींना क्लबाचे शुल्क भरता आले, कारण ते टाटा होते. अस्पी इंजिनिअर यांच्या वाटचालीला हात दिला तो एका पारितोषिकाने आणि अबुकीरला प्रतिस्पर्ध्याकडून मिळालेल्या काही प्लगांनी. वाशीमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे काम शिष्यवृत्त्यांना, बँकांना आणि सैनिकी शाळांना करावे लागेल. तसे झाले, तर तो कोणत्या दरवाजाने आत आला हा प्रश्न गौण ठरेल.