बाळू पालवणकर : मैदान झाडणारा गोलंदाज आणि १९३७ ची निवडणूक

गव्हाची वावरं खाली झाली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दोन कामे सोबतच सुरू होतात. एक जयंतीची वर्गणी आणि दुसरे टेनिस बॉलचे सामने. मेहकर असो, चिखली असो की खामगाव, चौकात सामन्यांचे फ्लेक्स लागतात. त्यावर वर महापुरुष, खाली पुढारी, मधोमध बक्षिसाची रक्कम. खेळाडूचा फोटो असलाच तर सचिनचा, धोनीचा किंवा विराटचा. बाळू पालवणकर यांचा फोटो आम्ही अशा फ्लेक्सवर अजून पाहिलेला नाही.

याची दोन कारणे असावीत. बहुतेक पोरांना हे नाव माहीतच नाही. आणि ज्या थोड्या जाणत्यांना माहीत आहे ते गप्प बसतात, कारण हा माणूस १९३७ साली बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला होता. पहिले कारण दूर करणे सोपे आहे. दुसऱ्यावर आपल्याला जरा बसून बोलावे लागेल.

बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुले पुण्यात वाढली. छावणीतले गोरे अधिकारी जुनी बॅट, जुना चेंडू टाकून देत, त्यावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा फार झाली नाही. घरात पैसा हवा होता, म्हणून बाळू पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबवर कामाला लागले. काम होते मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे. पगार महिन्याला तीन रुपये. मधून मधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचा, तेवढाच खेळ.

१८९२ च्या आसपास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगारात एक रुपया वाढला. रोलर, जाळी, आखणी ही कामे होतीच, शिवाय टेनिसच्या कोर्टावर चुना मारणेही आले. तिथे एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला सांगितले आणि सगळे बदलले. डावखुरी, संथ, फिरकी गोलंदाजी. क्लबातला सर्वात चांगला फलंदाज कॅप्टन ग्रेग. इतर लोक यायच्या आधी तासभर येऊन तो फक्त बाळूंचे चेंडू खेळायचा. बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका विकेटचे आठ आणे, म्हणजे गोलंदाज मन लावून टाकत असणार यात शंका नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पूना क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, त्यांच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम नोकराचा. आपल्या खेड्यात पाटलाच्या पोराची बॅट असते म्हणून तो पहिला खेळतो आणि वाड्यातली पोरे दुपारभर फिल्डिंग करतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यात नवल वाटायचे नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर चुना मारत होता. घ्यायचा की नाही यावर क्लबात वाद झाला. तेलुगू सभासद घ्या म्हणाले, ब्राह्मण सभासदांनी विरोध केला. शेवटी जिंकण्याची हौस भारी ठरली. बाळू संघात आले, पण मैदानापुरतेच. चेंडू सगळ्यांचा एकच, त्याला विटाळ नाही. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत पॅव्हिलियनमध्ये कपातून पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे, जे नंतर फेकून द्यायचे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर अस्पृश्य नोकरच ते आणून देई. जेवणाचे पान वेगळे. त्यांनी विकेट घेतल्या, संघ जिंकू लागला, मग न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना हार घातला, टिळकांनीही सभेत कौतुक केले. हार घालणे तुलनेने सोपे असते.

इथे ‘लगान’चा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. त्यातला कचरा हे पात्र बाळूंवरून सुचले असावे असे अनेकांना वाटते. असेल. पण सिनेमातल्या कचराचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे, आणि त्याच्या बाजूने सगळे भाषण भुवन करतो. खऱ्या बाळूंचा हात धडधाकट होता. चेंडू वळत होता तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीमुळे. आणि पालवणकर बंधूंनी वेळ आली तेव्हा स्वतःच तोंड उघडले. ते पुढे येईलच.

पुण्यात प्लेग आला त्या सुमारास, १८९६ नंतर, बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले, तिथेही कुरकूर झालीच. पोटापाण्यासाठी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. तेव्हा आजच्यासारखी लीग नव्हती, लिलाव नव्हता. धर्मावर संघ होते : हिंदू, पारशी, युरोपियन, पुढे मुसलमान. खेळून पोट भरायचे तर कुणाची तरी चाकरी करावी लागे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच विकेट घेतल्या. शिवरामही त्या संघात होते. वर्तमानपत्रांनी हा राष्ट्राचा विजय म्हणून गाजवला. राष्ट्राच्या दहा विकेटपैकी पाच ज्याने काढल्या त्याला त्याच राष्ट्रातल्या बहुतेक विहिरींवर पाणी भरता आले नसते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ म्हणून दौरा वाईटच गेला, चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी जेमतेम दोन जिंकले. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस. त्यांनी दौऱ्यात एकूण ११४ विकेट घेतल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. लेस्टरशायरविरुद्ध जो विजय मिळाला त्यात दोन्ही डाव मिळून अकरा. पूर्ण कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. हे आकडे पोरांना पाठ असायला हवेत.

ते परत आले तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र ज्याने तयार केले तो एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा तरुण होता, भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनातले हे अगदी सुरुवातीचे काम. बाळूंना मुंबई महापालिकेवर नेमणूक मिळावी म्हणूनही पुढे बाबासाहेबांनी खटपट केली. एकाने फिरकीने मार्ग काढला होता, दुसरा अभ्यासाने काढत होता, आणि दुसऱ्याला पहिल्याचा अभिमान होता. १९३७ विषयी बोलताना हे १९११ विसरू नये एवढीच आमची विनंती आहे.

इंग्लंड गाजवूनही हिंदू संघाची कप्तानी बाळूंना मिळाली नाही. दर वर्षी दुसऱ्या कुणाचे तरी नाव यायचे. १९१३ साली मु. दा. पै कप्तान झाले तेव्हा त्यांनी सत्काराच्या सभेत मोकळेपणाने सांगितले की हा मान बाळूंचा होता. सारस्वत ब्राह्मणाने हे बोलून दाखवले याची नोंद घ्यायलाच हवी, पण त्याने निवड समितीला फरक पडला नाही. एव्हाना गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही संघात आले होते. चौघे भाऊ एकाच संघात, आणि कप्तान नेहमी दुसराच.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानी विठ्ठलला डावलून देवधरांकडे दिली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रात पत्रक काढून कारण सांगितले : हा जातीचा प्रश्न आहे. आजही निवडीतला अन्याय चारचौघांत बोलायला छाती लागते. शंभर वर्षांपूर्वी, नोकरी सांभाळून, हे दोघे बोलले. परिणाम झाला. अंतिम सामन्याला पै परत कप्तान म्हणून आले, भाऊ परतले, बाळूंना उपकप्तान केले गेले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर थांबले तेव्हा संघ बाळूंनी चालवला. पुढे १९२३ साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले, त्याच वर्षी हिंदू संघ जिंकला आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. बाळूंना स्वतःला ते पद कधीच मिळाले नाही.

अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन यांचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. ते बेसबॉलचे खेळाडू, काळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॉलेजात त्यांनी चार खेळ गाजवले. १९४५ साली ते काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये कॅन्सस सिटीकडून खेळले, १९४६ ला मॉन्ट्रियलकडून, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन संघाकडून गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये पहिल्या बेसवर उभे राहिले. आज दरवर्षी १५ एप्रिलला, म्हणजे आपल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, तिथला प्रत्येक खेळाडू त्यांचा ४२ क्रमांक पाठीवर घालतो. बाळूंनी सवर्णांच्या संघात पाऊल ठेवले ते त्याच्या पन्नास वर्षे आधी, आणि कॉलेजातून नाही, झाडू घेऊन.

पण रॉबिन्सन यांचे एक दुसरे पानही आहे. १९४९ साली अमेरिकी संसदेच्या समितीने त्यांना पॉल रोबसन या काळ्यांच्या जहाल नेत्याविरुद्ध बोलायला बोलावले, आणि ते बोलले. ज्या व्यवस्थेने त्यांना काल दार उघडले होते तिने आज त्यांच्याच माणसाविरुद्ध त्यांना उभे केले. उतारवयात आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की असे बोलावणे आता आले असते तर आपण ते नाकारले असते.

बाळूंचेही काहीसे असेच झाले. १९३२ साली बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मिळवून आले होते. बाळूंचा त्याला विरोध होता. राजा-मुंजे कराराच्या बाजूने ते उभे राहिले आणि पुणे करारावरही त्यांची सही आहे. १९३३ साली त्यांनी हिंदू महासभेकडून मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तीही त्यांना पटली नाही. आणि १९३७ साली काँग्रेसने मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेबांना पाडण्यासाठी बाळूंना तिकीट दिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

दोन हजार मतांचा फरक. तो उलटा झाला असता तर त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडायला बाबासाहेब नसते. म्हणून आम्ही हा प्रसंग झाकून ठेवणार नाही. काँग्रेसला बाळूंच्या विकेट नको होत्या. त्यांना एक लोकप्रिय अस्पृश्य चेहरा हवा होता आणि महार-चांभार अशी फूट हवी होती. ज्या लोकांनी या माणसाला पंचवीस वर्षांत कप्तान केले नाही, त्यांच्या वर्गाला तो नेमका बाबासाहेबांविरुद्ध पुढारी म्हणून चालला. बाळू चुकले, असे आमचे मत आहे. मैदानावर त्यांना जे मिळाले ते हिंदू संघात राहून, आतून भांडून मिळाले होते, आणि राजकारणातही तसेच होईल असा त्यांचा विश्वास असावा.

पण चुकले म्हणून त्यांना टाकून द्यायचे काय? आपल्या गावांत बौद्ध वस्ती आणि चर्मकार वस्ती शेजारी शेजारी असतात, मिरवणुका वेगळ्या निघतात आणि निवडणुकीत दोघांत भांडण लावणारे आजही हजर असतात. बाळूंना फक्त एका जातीच्या फ्लेक्सवर सोडून दिले तर १९३७ चा डाव आपणच पुढे खेळतो. मानपत्र लिहिणाऱ्या भीमरावांनी गोलंदाजाची जात पाहिली नव्हती.

येत्या जयंतीच्या सामन्यांत उत्कृष्ट गोलंदाजाच्या चषकाला बाळू पालवणकर यांचे नाव द्यावे आणि दोन्ही वस्त्यांच्या पोरांनी मिळून संघ काढावेत, ही आमची सूचना आहे. चषक देताना माइकवर तीन रुपये पगारही सांगावा, ११४ विकेटही सांगाव्यात आणि ११,२२५ मतेही.

बाळू यांचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होते.