राजौरीची वाट

कारवारजवळच्या चेंडिये गावी २६ जून १९१८ रोजी रामा राघोबा राणे यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात शिपाई होते. १९४० साली रामा सैन्यात दाखल झाले आणि पुण्याजवळ खडकी येथे बॉम्बे सॅपर्समध्ये त्यांचे शिक्षण झाले. या दलाला जुनी मंडळी सफरमैना म्हणत. रस्ते करणे, पूल बांधणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे ही त्याची कामे. बंदुकीइतकीच येथे कुदळही महत्त्वाची! दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपानी फौजांशी लढून राणे परतले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले.

त्या वेळी काश्मीरचे युद्ध पेटले होते. राजौरी शत्रूच्या ताब्यात होती. नौशेऱ्याहून तिकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने जागोजाग उखडून टाकला होता. पायदळ टेकड्या चढून गेले असते. पण रणगाडे आणि रसदीच्या गाड्या रस्त्यावाचून कशा जाणार?

८ एप्रिल १९४८ रोजी राण्यांची तुकडी सुरुंग काढण्यास सज्ज होती. इतक्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच जण जखमी झाले. त्या जखमींत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेल्यांना लगेच सावरून कामास लावले. दुपारी बरवालीची टेकडी सर झाली, तरी राणे थांबले नाहीत. मशीनगनच्या गोळ्या येत असताना रात्री दहापर्यंत ते रणगाड्यांसाठी वळणवाट तयार करीत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवीच संकटे पुढे आली. चीडाची झाडे आडवी पाडलेली होती, मोरी उडवून दिलेली होती. राणे सुरुंग लावून झाडे उडवीत, बाजूने वाट काढीत. काही ठिकाणी तर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे जात. हाती दोन दोऱ्या असत. एक ओढली की चालकाने थांबावे. सुरुंग निघाला की दुसरी ओढावी, म्हणजे त्याने पुढे निघावे. वरच्या पोलादी धुडाचा आणि खालच्या सुरुंगाचा सारा भरवसा त्या दोन दोऱ्यांवर!

संध्याकाळी पाच प्रचंड झाडांचा अडसर लागला. भोवती सुरुंग, चहूकडून गोळीबार. अंधार पडल्याने काम थांबले. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तेथे हजर झाले आणि साडेसहापर्यंत त्यांनी वाट मोकळी केली. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. ते नदीच्या पात्रातून पुढे गेले होते. रसदीच्या गाड्या मात्र मागेच होत्या. त्यांच्यासाठी राणे अन्न व विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत खपले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला.

१२ एप्रिलला राजौरी भारतीय सेनेच्या हाती आली.

राण्यांना परमवीर चक्र मिळाले. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.