आर्वीच्या तबकडीमागचे डॉ. साराभाई

पुणे - परदेशी दूरध्वनी लावायचा म्हणजे एके काळी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळावे लागे. १९२७ पासून विलायतेचे बिनतारी संदेश खडकीहून जात आणि दौंडला येत. १९३३ मध्ये लंडनशी रेडिओ दूरध्वनीही सुरू झाला. पण सारी भिस्त लघुलहरींवर. वातावरणाचा वरचा थर बिघडला, की बोलणे अर्ध्यावरच विरून जाई. या जाचातून सुटकेचा मार्ग निघाला तो नारायणगावजवळच्या आर्वीतून, आणि त्यामागे होते डॉ. विक्रम साराभाई.

जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादच्या धनाढ्य गिरणीमालकाच्या घरातला. महायुद्धामुळे केंब्रिजहून परतून ते बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे विश्वकिरणांच्या संशोधनात रमले. त्यासाठी पुण्याच्या वेधशाळेतही त्यांनी निरीक्षणे घेतली, हे पुणेकरांना फारसे ठाऊक नसते.

उपग्रहाशी जोडणारे भूकेंद्र परदेशी कंपनीकडून बांधून घेणे सोपे होते. साराभाईंनी मात्र ते भारतीय अभियंत्यांनीच उभारावे, असा आग्रह धरला. गाठीला अनुभव होता तो १९६७ मध्ये सुरू झालेल्या अहमदाबादच्या प्रायोगिक केंद्राचा. काम फसते, तर नवजात अवकाश कार्यक्रमाची पतच गेली असती. ते फसले नाही. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी माळावर उभी राहिली.

३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे साराभाईंचे झोपेतच निधन झाले. वय अवघे ५२. पुढच्याच फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले. केंद्राला नाव मिळाले 'विक्रम'.