पॅरिसच्या हौदातील नवल

पॅरिस नगरीत सीन नदीच्या काठी एक जुने व विस्तीर्ण वनस्पतिउद्यान आहे. त्याच्याच आवारात फ्रान्सचे निसर्गेतिहास संग्रहालय आहे. तेथील प्राध्यापक कॉन्स्तां द्युमेरिल हे सर्प, सरडे, कासवे, बेडूक अशा प्राण्यांचे मोठे जाणकार होते. असले प्राणी त्या काळी बहुधा मद्यार्काच्या बरण्यांतच पाहावयास मिळत. कॉन्स्तां यांनी १८३८ साली उद्यानात ते जिवंत पाळण्याची व्यवस्था केली. जागा अपुरी होती. परंतु मेलेल्या प्राण्यापासून जे कळत नाही ते तेथे कळू लागले.

त्यांचे पुत्र ओग्युस्त यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८१२ रोजी झाला. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ओढा प्राण्यांकडेच होता. वडिलांनी गाब्रिएल बिब्रों या सहकाऱ्यासह एक प्रचंड ग्रंथ आरंभिला होता. सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांचे त्यात वर्गीकरण होते. १८४८ साली बिब्रों वारले. तेव्हा ओग्युस्त वडिलांच्या मदतीस धावले आणि १८५४ साली तो ग्रंथ पुरा झाला. पुढे १८५७ साली वडिलांची प्राध्यापकाची जागाही त्यांच्याकडे आली.

मेक्सिको शहराजवळच्या तळ्यांत ॲक्सोलोटल नावाचा एक प्राणी राहतो. तेथील लोक तो फार पूर्वीपासून खात आले आहेत. वीतभर लांबीचा देह, चार आखूड पाय, चपटी शेपटी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ल्यांचे तुरे, असे त्याचे रूप असते. बेडूकमासा मोठा झाला म्हणजे त्याचे कल्ले जातात व तो जमिनीवर येतो. ॲक्सोलोटलचे कल्ले मात्र कधी जात नसत. मग हे कोणाचे तरी पिल्लू म्हणावे की पूर्ण वाढलेला प्राणी? क्यूव्हिए या थोर शास्त्रज्ञालाही हा प्रश्न निश्चितपणे सोडविता आला नव्हता. द्युमेरिल पितापुत्रांच्या ग्रंथात कायम कल्ले असणाऱ्यांचा एक गट होता आणि कल्ले गळून पडणाऱ्यांचा दुसरा. ॲक्सोलोटलला त्यांनी पहिल्या गटात बसविले होते.

त्या सुमारास फ्रान्सची फौज मेक्सिकोत उतरली होती. तिकडून १८६४ साली ३४ ॲक्सोलोटल जिवंत पॅरिसला आले. त्यांत एक पांढरा होता. त्या ३४ पैकी सहा ओग्युस्त यांना मिळाले, पाच नर व एक मादी. एवढ्या लांबच्या प्रवासातून आलेले हे जीव जगविणे हेच मोठे काम होते. ते जगले, इतकेच नव्हे तर जानेवारी १८६५ मध्ये त्या एकट्या मादीने अंडी घातली आणि काही आठवड्यांनी पुन्हा घातली. अंडी घालणारा प्राणी पिल्लू कसा असेल? वर्षानुवर्षांचा वाद मिटला, असेच कोणालाही वाटले असते.

अंड्यांतून पिल्ले निघाली. त्यांना आईबापांसारखेच कल्ले होते. सप्टेंबरपर्यंत ती जवळजवळ आईबापांएवढी झाली. आणि मग एका पिल्लाचे कल्ले आखडू लागले. पाठीवरचा व शेपटीवरचा पातळ पडदा नाहीसा झाला, कातडीवर पिवळसर ठिपके उमटले. पाठोपाठ आणखी काहींचे तसेच झाले. हौदात आता निराळेच प्राणी दिसत होते. ते अमेरिकेतील अँबिस्टोमा या सॅलॅमँडरसारखे होते. आणि ग्रंथात अँबिस्टोमा होता दुसऱ्याच गटात! ज्या वर्गीकरणासाठी वडिलांनी आयुष्य वेचले व जे पुरे करण्यास आपण हात लावला, तेच आपल्या हौदाने खोटे पाडले, हे ओग्युस्त यांनी लपविले नाही. जे पाहिले ते त्यांनी शास्त्रज्ञांपुढे मांडले.

पण कोडे सुटले नव्हते. त्याच पाण्यात आईबाप मात्र जसेच्या तसे राहिले होते. पिल्लांपैकीही थोडीच पालटली. कल्ले कापल्याने रूपांतर होते काय, हेही ओग्युस्त यांनी पाहिले. काहींचे झाले, पण खरे कारण हाती आले नाही. त्यातच आणखी एक नवल म्हणजे कल्लेवाले प्राणी अंडी घालीत होते आणि रूपांतर झालेले घालीत नव्हते. आपल्यापाशी असलेले ॲक्सोलोटल त्यांनी युरोपातील इतर अभ्यासकांना मुक्तहस्ताने वाटले.

सप्टेंबर १८७० मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा दिला. शहरात अन्नाचा तुटवडा पडत चालला. वेढा चालू असतानाच १२ नोव्हेंबर रोजी ओग्युस्त यांचे निधन झाले.

पुढील काही वर्षांत जर्मनीत मारी फॉन शोव्हँ या बाईंनी पाणी हळूहळू उथळ करीत जाऊन ॲक्सोलोटलचे रूपांतर घडवून आणले. विसाव्या शतकाच्या आरंभी कळले की, गळ्यातील अवटु ग्रंथी खाऊ घातल्यासही तो पालटतो. एरवी या ग्रंथीचा रस अंगात पुरेसा न भिनल्यामुळे तो जन्मभर पिल्लाच्याच रूपात राहतो आणि त्याच रूपात आईबाप होतो. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याची त्याची शक्ती तर आजही शास्त्रज्ञांना खुणावते. मेक्सिकोच्या तळ्यांत तो आता फारच थोडा उरला आहे. जगातील प्रयोगशाळांत मात्र तो हजारोंनी आहे, आणि त्यांतील अनेकांची वंशावळ पॅरिसच्या त्या हौदापर्यंत जाऊन पोहोचते.