त्रेपन्न गुणांचा मानकरी

अमेरिकेत डिसेंबर महिना उजाडला की एक वाद हमखास रंगतो. महाविद्यालयीन फुटबॉलमधील त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? हाइझमन करंडक कुणाला मिळायला हवा? वृत्तपत्रांचे रकाने, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, न्हाव्याचे दुकान. कुठेही हा विषय निघाला की दोन तट पडतातच. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून, प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या देत किंवा सरळ धडका मारत, यार्डायार्डाने पुढे सरकण्याचा तो खेळ आहे. तेथे महाविद्यालयीन सामन्यांनाही हजारोंची गर्दी लोटते आणि हाइझमन मिळालेल्या खेळाडूच्या नावामागे ते बिरुद आयुष्यभर चिकटते.

या वादाचा इतिहास करंडकाइतकाच जुना आहे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाऊनटाऊन अ‍ॅथलेटिक क्लबने हा पुरस्कार सुरू केला आणि पुढच्याच वर्षी, क्लबचे क्रीडा संचालक जॉन हाइझमन यांच्या निधनानंतर, त्याला त्यांचे नाव देण्यात आले. मतदार प्रामुख्याने देशभरातील क्रीडा पत्रकार. प्रत्येकाने तीन नावे पसंतीक्रमाने लिहायची. पहिल्या पसंतीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक गुण. पद्धत साधी, पण मेख वेगळीच होती. पन्नास-साठच्या दशकांत दूरचित्रवाणीवर मोजकेच सामने दाखविले जात. टेक्सासच्या पत्रकाराने ओहायोचा खेळाडू पाहिलेलाच नसे. मग मत पडे ते आकड्यांवर, कीर्तीवर, महाविद्यालयाच्या वजनावर आणि आपल्या प्रांताच्या प्रेमावर. उघडपणे कुणी बोलत नसे, पण ते कातडीच्या रंगावरही पडे. पहिल्या २६ वर्षांत हा करंडक एकाही कृष्णवर्णीय खेळाडूच्या हाती गेला नव्हता. १९६१ मध्ये तो गेला. त्या खेळाडूचे नाव अर्नी डेव्हिस.

१४ डिसेंबर १९३९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू सेलम या गावी अर्नीचा जन्म झाला. वडिलांचे छत्र त्याला लाभलेच नाही. ते एका अपघातात दगावले. तरुण आईला एकटीने संसार रेटणे अवघड होते. त्यामुळे सव्वा वर्षाचा अर्नी युनियनटाऊन येथे आजी-आजोबांकडे आला. कोळशाच्या खाणींचा तो मुलूख, आजोबाही खाणकामगार. घरात पैसा बेताचा, शिस्त मात्र कडक आणि धर्माचरण नेमाचे. अर्नी बोलताना अडखळत असे. बुजऱ्या, कमी बोलणाऱ्या या मुलाला मैदानावर मात्र शब्दांची गरज पडत नसे. बाराव्या वर्षी तो आई आणि सावत्र वडिलांसह न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहानशा शहरात राहायला गेला. एल्मायरा फ्री अकॅडमी या शाळेत त्याने फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही खेळ गाजविले. बास्केटबॉलमध्ये तर त्याच्या शाळेने सलग ५२ सामने जिंकले. त्याला बास्केटबॉलच अधिक प्रिय असल्याचे त्याचे सवंगडी सांगत.

शाळा संपताना देशातील अनेक नामांकित महाविद्यालयांनी त्याच्यासाठी गळ टाकला. त्याने निवड केली ती घरापासून फार लांब नसलेल्या सिरॅक्यूज विद्यापीठाची. तेथील प्रशिक्षक बेन श्वार्ट्‌झवॉल्डर हे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत हवाई छत्रीने उतरलेले, करड्या स्वभावाचे गृहस्थ. परंतु अर्नीचे मन वळविण्यात मोठा वाटा होता तो जिम ब्राऊनचा.

येथे थोडे मागे जायला हवे, कारण ब्राऊनची गोष्ट समजल्याशिवाय डेव्हिसची समजत नाही. १९५६ मध्ये सिरॅक्यूजचा ४४ क्रमांकाचा हा खेळाडू देशातील सर्वांत भेदक धावपटू होता. त्या वर्षी हाइझमनच्या मतमोजणीत तो पाचवा आला. करंडक मिळाला नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला, ज्याच्या संघाने दहापैकी केवळ दोन सामने जिंकले होते. हॉर्नंग गुणी होता यात शंका नाही. पण पराभूत संघातील खेळाडू पहिला आणि ब्राऊन पाचवा, हे गणित कसे सुटले? नोत्र दामचा दबदबा हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर ब्राऊनला ठाऊक होते. तो पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वश्रेष्ठांपैकी एक ठरला. मात्र ती सल त्याने कधी लपविली नाही. अशा या ब्राऊनने अर्नीला सिरॅक्यूजला येण्याचा आग्रह केला, आणि अर्नीच्या अंगावर त्याचाच ४४ क्रमांकाचा सदरा आला.

तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. १९५९ मध्ये अर्नी मैदानात उतरला आणि सिरॅक्यूजने त्या मोसमात एकही सामना गमावला नाही. १ जानेवारी १९६० रोजी डल्लास येथे कॉटन बोलच्या लढतीत त्यांची गाठ पडली टेक्सासशी. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना अर्नी खेळला. सामना सुरू होऊन दीड मिनिटही झाले नव्हते, तोच त्याने चेंडू झेलला आणि ८७ यार्डांची खेळी टचडाऊनमध्ये पूर्ण केली. सिरॅक्यूजने सामना २३-१४ असा जिंकला, राष्ट्रीय अजिंक्यपदावर शिक्कामोर्तब झाले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून डेव्हिसची निवड झाली.

त्या रात्रीच्या मेजवानीत काय घडले, हे सिरॅक्यूजमध्ये आजही सांगितले जाते. डल्लास तेव्हा वर्णभेदाच्या नियमांनी बांधलेले शहर होते. डेव्हिस आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना बजावण्यात आले, की पारितोषिक स्वीकारा आणि निघा. इथे थांबता येणार नाही. ज्याच्या पराक्रमाने तो दिवस साजरा होत होता, त्यालाच त्या दालनात बसण्याची मुभा नव्हती. गोऱ्या सहकाऱ्यांपैकी काहींचे रक्त उसळले. डेव्हिसने आकांडतांडव केले नाही. त्याने पारितोषिक घेतले आणि तो बाहेर पडला. वयाची विशी नुकतीच गाठलेल्या मुलाचा हा संयम की हतबलता, याचा निवाडा आपण आज आरामखुर्चीत बसून करणे बरे नव्हे. त्याच्याविषयी एवढेच दिसते, की तो ज्या दारातून गेला ते दार पुढच्यांसाठी किलकिले राहत असे. सिग्मा अल्फा म्यू या ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेत प्रवेश मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय सदस्य होता.

१९६१ चा मोसम आला तेव्हा डेव्हिसचे नाव सर्वतोमुखी होते. परंतु त्या वर्षीचा वाद खरोखरच चुरशीचा होता आणि डेव्हिसच्या विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणे फोल नव्हते. ओहायो स्टेटचा फुलबॅक बॉब फर्ग्युसन हा त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी. तोही कृष्णवर्णीयच. फर्ग्युसन म्हणजे धडक. चेंडू घेऊन तो बचावाच्या भिंतीवर असा आदळे, की मागे ढकलला जाणे त्याला जणू माहीतच नव्हते. त्या मोसमात त्याने धावून ९३८ यार्ड मिळविले, डेव्हिसने ८२३. ओहायो स्टेट एका बरोबरीचा अपवाद वगळता अपराजित होते, तर सिरॅक्यूजने तीन सामने गमावले होते. मिशिगनविरुद्धच्या परंपरागत लढतीत फर्ग्युसनने चार टचडाऊन केले. याशिवाय टेक्सासचा जेम्स सॅक्स्टन आणि मिनेसोटाचा सॅंडी स्टीफन्स हेही शर्यतीत होते. स्टीफन्स हा क्वार्टरबॅकच्या म्हणजे संघाच्या सूत्रधाराच्या जागी खेळणारा कृष्णवर्णीय खेळाडू. त्या काळी ही गोष्टच अपूर्वाईची होती.

मग डेव्हिसची बाजू कोणती? फर्ग्युसनपेक्षा कितीतरी कमी वेळा चेंडू हाती येऊनही त्याने ८२३ यार्डांची मजल मारली होती आणि मोसमात १५ टचडाऊन केले होते. तीन वर्षांत मिळून २,३८६ यार्ड आणि दर धावेमागे सरासरी ६.६ यार्ड, सिरॅक्यूजमधील जिम ब्राऊनचे विक्रम त्याने मागे टाकले होते. तो धावे, झेल घेई, बचावातही उभा राही. फर्ग्युसनच्या मागे देशातील एक बलाढ्य संघ होता. सिरॅक्यूजचा १९५९ चा ताफा मात्र विखुरला होता आणि प्रतिस्पर्ध्यांचे सारे डावपेच एकट्या ४४ क्रमांकाला रोखण्यासाठी आखले जात होते. तरीही प्रस्तुत वार्ताहराचे मत असे, की एका मोसमाच्या तराजूत फर्ग्युसनचे पारडे तसूभरही हलके नव्हते. मॅक्सवेल करंडक, म्हणजे हाइझमनच्या खालोखाल मानाचा पुरस्कार, त्या वर्षी फर्ग्युसनलाच मिळाला. डेव्हिसला मत देताना पत्रकारांनी तीन वर्षांचा खेळ मोजला. पाच वर्षांपूर्वी ब्राऊनच्या बाबतीत जे घडले त्याची टोचणी काहींच्या मनात असेलही. तसे असेल तर त्याचे ओझे फर्ग्युसनने वाहिले, हे विसरता येत नाही.

निकाल लागला. डेव्हिस ८२४, फर्ग्युसन ७७१. अवघ्या ५३ गुणांचे अंतर. पहिल्या पसंतीची आणखी थोडी मते इकडची तिकडे होती, तर इतिहासात दुसरेच नाव लागले असते. मात्र पहिले दोन्ही मानकरी कृष्णवर्णीय आहेत, असे दृश्य या पुरस्काराने पूर्वी पाहिले नव्हते. ६ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये समारंभ झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी त्या दिवशी त्याच शहरात होते. त्यांनी डेव्हिसची भेट घेण्याची इच्छा दर्शविली आणि लहानपणी बोलताना अडखळणारा खाणकामगाराचा नातू राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन करून आला. दहाच दिवसांनी लिबर्टी बोलमध्ये त्याने मायामीविरुद्ध १४० यार्डांची मजल मारली. सामना सिरॅक्यूजने १५-१४ असा जिंकला. महाविद्यालयाच्या सदऱ्यातील त्याचा तो अखेरचा सामना.

व्यावसायिक संघांनी केलेल्या निवडीत डेव्हिसचे नाव पहिल्या क्रमांकावर पुकारले गेले, आणि तेही वॉशिंग्टनच्या संघाकडून. हा योगायोग नव्हता. मालक जॉर्ज मार्शल यांनी संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नव्हता. असा तो साऱ्या लीगमधील शेवटचा संघ. परंतु त्यांचे नवे मैदान सरकारी जमिनीवर होते आणि केनेडींचे गृहखाते सांभाळणारे स्ट्युअर्ट युडॉल यांनी मैदान हवे असेल तर वर्णभेद सोडा, असा इशाराच दिला होता. (अमेरिकेत गृहखाते म्हणजे आपल्यासारखे पोलिसांचे खाते नव्हे, सरकारी जमिनी त्याच्या अखत्यारीत येतात.) मार्शल यांनी डेव्हिसला निवडले, मात्र ठेवून घेतले नाही. बॉबी मिचेल आणि लेरॉय जॅक्सन यांच्या बदल्यात त्याला क्लीव्हलंड ब्राऊन्सकडे दिले. मिचेलच्या रूपाने वॉशिंग्टनला पहिला कृष्णवर्णीय तारा लाभला तो असा. इकडे क्लीव्हलंडला हर्ष झाला. जिम ब्राऊन आणि अर्नी डेव्हिस एकाच संघात, एकाच रांगेत!

ते दृश्य कुणालाच दिसले नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या सामन्याची तयारी सुरू असताना डेव्हिस आजारी पडला. मानेच्या गाठी सुजल्या होत्या, थकवा हटत नव्हता. रुग्णालयात तपासण्या झाल्या. निदान झाले ते तीव्र स्वरूपाच्या रक्ताच्या कर्करोगाचे. तेव्हा या रोगावर आज आहेत तसे उपचार नव्हते. संघमालक आर्ट मोडेल यांना हे कळले, खुद्द डेव्हिसला मात्र ऑक्टोबरपर्यंत सांगण्यात आले नाही. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, क्लीव्हलंडच्या मैदानावर दिवे मंदावून एकट्या त्याच्यावर झोत टाकण्यात आला. तो चालत पुढे आला, प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. त्या मैदानाशी त्याची एवढीच ओळख झाली.

औषधांनी रोग काही काळ माघारला. डेव्हिसला खेळायचे होते. मोडेल यांचीही तशीच इच्छा होती. प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी ठाम नकार दिला. या प्रश्नावर दोघांत वितुष्ट वाढले आणि जानेवारी १९६३ मध्ये मोडेल यांनी पॉल ब्राऊन यांना दूर केले, त्याला इतरही कारणे होती. प्रशिक्षकाचा नकार कठोर वाटतो खरा, पण जीव धोक्यात असलेल्या मुलाला धडकांच्या खेळात उतरविणे कोणत्या मोबदल्यात योग्य ठरले असते? त्याच वसंतात डेव्हिसने एका साप्ताहिकात आपल्या आजाराविषयी लेख लिहिला. स्वतःला तो दुर्दैवी मानत नव्हता, हा त्याचा आशय. १६ मे १९६३ रोजी तो स्वतःच्या पायांनी चालत रुग्णालयात दाखल झाला. १८ मेच्या सकाळी त्याचे निधन झाले. वय होते २३.

एल्मायरात त्याच्या अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. केनेडींचा शोकसंदेश आला. शहराच्या वूडलॉन स्मशानभूमीत, जेथे लेखक मार्क ट्वेन चिरविश्रांती घेत आहेत, तेथेच त्याला पुरण्यात आले. त्याची जुनी शाळा पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. २००८ मध्ये ‘द एक्स्प्रेस’ हा त्याच्यावरील चित्रपट आला. त्यात वेस्ट व्हर्जिनियात शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकांसमोरचा एक सामना दाखविला आहे. प्रत्यक्षात १९५९ ची ती लढत सिरॅक्यूजमध्येच झाली होती. डल्लासची खरी रात्र हाताशी असताना अशा कल्पनेची गरज का भासावी, कोण जाणे.

फर्ग्युसनची व्यावसायिक कारकीर्द जेमतेम दोन मोसमांत आटोपली; २००४ मध्ये तो निवर्तला. हाइझमनचा पुढचा कृष्णवर्णीय मानकरी यायला १९६५ उजाडले. त्याचे नाव माइक गॅरेट. आणि ४४ क्रमांक? मृत्यूच्या काही महिने आधी डेव्हिसने फ्लॉईड लिटल नावाच्या शाळकरी खेळाडूला सिरॅक्यूजला येण्याविषयी गळ घातली होती. लिटलने तसा शब्द दिला, आणि डेव्हिस गेल्याचे कळताच तो पाळला. ४४ क्रमांकाचा सदरा घालून तो तीन मोसम खेळला. हाइझमनच्या मतमोजणीत १९६५ मध्ये तो पाचवा आला, १९६६ मध्येही पाचवाच. २००५ मध्ये सिरॅक्यूजने हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. क्लीव्हलंडने त्याआधीच डेव्हिसला दिलेला ४५ क्रमांक निवृत्त केला होता. तो सदरा घालून डेव्हिस एकही सामना खेळला नव्हता.