सागराची सुरावट

इ. स. १८२९ च्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वीस वर्षांचा एक जर्मन तरुण आपल्या क्लिंगेमान नावाच्या स्नेह्यासह प्रवास करीत होता. हा तरुण म्हणजे विख्यात संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन होय.

त्याचा जन्म ३ फेब्रुवारी १८०९ रोजी हँबुर्ग शहरी एका सधन व विद्याव्यासंगी घराण्यात झाला. आजोबा मोझेस हे नामांकित तत्त्ववेत्ते होते. पुढे बर्लिन येथे त्सेल्टर या गुरूपाशी फेलिक्सने संगीतशास्त्राचे अध्ययन केले. गुरूंची बाख या जुन्या संगीतकारावर अपार श्रद्धा. अनेक सुरावटी एकाच वेळी परस्परांत गुंफण्याची बाखची विद्या शिष्याच्या अंगी इतकी मुरली, की ११ मार्च १८२९ रोजी बाखची विस्मृतीत गेलेली एक भव्य भक्तिरचना त्याने स्वतःच्या नेतृत्वाखाली बर्लिनमध्ये सादर केली.

त्यानंतर काही महिन्यांतच त्याने हेब्रिडीज बेटे पाहिली. ७ ऑगस्ट रोजी घरच्यांस लिहिलेल्या पत्रात, त्या दृश्याने मनात जे उमटले ते शब्दांनी न सांगता त्याने चक्क स्वरलिपीत उतरवून धाडले! दुसऱ्या दिवशी तो आगबोटीने स्टाफा बेटाकडे गेला. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, त्याच जातीच्या दगडाचे षट्कोनी खांब तेथे समुद्रातून उभे राहिले आहेत व त्यांमध्ये फिंगल या पुराणवीराच्या नावाची गुहा आहे. गुहा पाहून ती सुरावट सुचली असे पुष्कळांस वाटते. परंतु ती आदल्या दिवशीच कागदावर उतरली होती. स्टाफाच्या वाटेवर बिचारा फेलिक्स समुद्र लागल्यामुळे बेजार झाला होता.

नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी वाद्यवृंद जी रचना वाजवितो, तीस पाश्चात्त्य लोक ओव्हर्चर म्हणतात. फेलिक्सने मात्र मागे कोणतेही नाटक नसलेले, केवळ सागराचे ओव्हर्चर रचण्याचे मनात घेतले. व्हायोला, चेलो व बसून ही धीरगंभीर वाद्ये एक लहानशी सुरावट लाटेप्रमाणे पुनःपुन्हा वाजवितात, आणि तिच्यातूनच सारी रचना उमलते.

आरंभ एका दिवसात सुचला. पूर्णतेस मात्र वर्षे लागली. १८३० च्या डिसेंबरात रोम येथे रचना लिहून झाली, तरी त्याचे समाधान होईना. १८३२ च्या जानेवारीत पॅरिसहून त्याने घरी कळविले, की मधल्या भागास समुद्रपक्ष्यांचा व खारवलेल्या मासळीचा वास येण्याऐवजी शास्त्राचाच वास येतो. गुरूंनी परिश्रमाने दिलेली विद्याच येथे सागराच्या आड येत होती. ती टाकून देणे त्यास शक्य नव्हते व इष्टही नव्हते. तिला लाटांत विरघळवून टाकणे एवढेच हाती होते. त्याने पुन्हा लेखणी उचलली.

१४ मे १८३२ रोजी लंडनमध्ये या ओव्हर्चरचा पहिला प्रयोग झाला. दुसऱ्याच दिवशी, १५ मे रोजी, वृद्ध त्सेल्टर बर्लिनमध्ये निवर्तले. त्यानंतरही, जूनमध्ये, फेलिक्सने रचनेत आणखी फेरफार केले. पुढे लाइपझिग येथे वाद्यवृंदाचे नेतृत्व करीत त्याने कीर्ती मिळविली, व तेथेच ४ नोव्हेंबर १८४७ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्याचा अंत झाला.