जुन्या पॅरिसचा दफ्तरदार

पॅरिस म्हटले की आयफेल टॉवर डोळ्यांसमोर उभा राहतो. पॅरिस आणि त्याच्या परिसराची साडेआठ हजारांहून अधिक छायाचित्रे टिपणाऱ्या यूजेन आत्जेने मात्र या मनोऱ्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. त्याची नजर खिळलेली असे ती जुन्या वाड्यांच्या दरवाजांवर, जिन्यांच्या लोखंडी कठड्यांवर, चौकातल्या कारंज्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि राजेशाही उद्यानांतल्या शेवाळलेल्या पुतळ्यांवर. तीस वर्षे तो हे काम करीत राहिला. स्वतःला कलावंत म्हणवून घेणे त्याने कटाक्षाने टाळले. आपण केवळ दस्तऐवज तयार करतो, अशीच त्याची भूमिका होती. आज जगातील मोठी संग्रहालये ही छायाचित्रे जिवापाड जपतात आणि आधुनिक छायाचित्रणाचा इतिहास त्याच्या नावावाचून पुरा होत नाही. मात्र हे दफ्तर आपल्यापर्यंत पोहोचले, यात त्याच्या चिकाटीइतकाच योगायोगाचाही वाटा आहे.

आत्जेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी बोर्दोजवळच्या लिबूर्न या गावी झाला. वडील घोडागाड्या बनवीत. आत्जे लहान असतानाच आई-वडील दोघेही निवर्तले आणि आजी-आजोबांनी बोर्दो शहरात त्याचा सांभाळ केला. शिक्षण संपल्यावर काही काळ त्याने व्यापारी जहाजावर नोकरी केली. १८७८ मध्ये तो पॅरिसला आला तो नट होण्याची आकांक्षा घेऊन. नाट्यशिक्षणाच्या नामांकित सरकारी संस्थेची प्रवेश परीक्षा पहिल्या खेपेस तो अनुत्तीर्ण झाला. दुसऱ्या खेपेस प्रवेश मिळाला, पण सक्तीच्या लष्करी सेवेमुळे अभ्यासाला पुरेसा वेळ देता येईना आणि १८८१ मध्ये त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. मग फिरत्या नाटक मंडळ्यांतून किरकोळ भूमिका करीत तो गावोगाव हिंडला. याच दिवसांत, १८८६ मध्ये, वालांतीन कोंपान्यों ही अभिनेत्री त्याला भेटली. पुढची चाळीस वर्षे ती त्याच्या सोबत होती. १८८७ च्या सुमारास घशाच्या विकाराने आत्जेचा आवाज बिघडला आणि रंगभूमीचा मार्ग कायमचा बंद झाला.

तिशी उलटलेल्या या माणसाने थोडे दिवस चित्रकला करून पाहिली. त्यात जम बसला नाही. परंतु चित्रकारांची एक गरज त्याच्या ध्यानात आली. झाडे, फुले, देखावे, इमारतींचे तपशील यांची छायाचित्रे चित्रकारांना संदर्भासाठी हवी असत. १८९० च्या सुमारास आत्जेने ती पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि कलावंतांसाठी दस्तऐवज मिळतील, अशा अर्थाची पाटी दारावर लावली. १८९९ मध्ये तो मोंपार्नास भागातील रू कांपान्य-प्रमिएर या रस्त्यावर राहायला गेला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला.

ते दिवस पॅरिसच्या दृष्टीने मोठ्या घालमेलीचे होते. १८५३ पासून पुढची सतरा वर्षे ओस्मान या प्रशासकाने मध्ययुगीन वस्त्या पाडून रुंद, सरळ हमरस्ते आखले होते. त्याच्यानंतरही पाडापाडी थांबली नव्हती. जे उरले आहे तेही जाणार, ही जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुशिक्षित वर्गात तीव्र झाली आणि जुन्या वास्तूंची नोंद ठेवण्यासाठी नगरपालिकेने एक समिती नेमली. १८९७-९८ पासून आत्जेने जुने पॅरिस हा आपला विषय निश्चित केला तो याच वातावरणात. शहराचे ऐतिहासिक ग्रंथालय, कार्नावाले संग्रहालय आणि फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय हे त्याचे नेहमीचे ग्राहक बनले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेही त्याची शेकडो छायाचित्रे विकत घेतली.

त्याची साधने तेव्हाही जुनाट म्हणावीत अशीच होती. भात्याचा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि अठरा बाय चोवीस सेंटिमीटर आकाराच्या काचेच्या प्लेट, असा सारा बोजा घेऊन तो पहाटे घराबाहेर पडे. पहाटेच, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असत आणि उजेड सौम्य असे. भिंगावरचे झाकण काढायचे, मनातल्या मनात सेकंद मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे, एवढीच काय ती क्रिया. तेवढ्या वेळात कोणी समोरून चालत गेले, तर प्लेटवर उमटे ती केवळ एक धूसर छाया. उंच इमारत चौकटीत बसवण्यासाठी भिंग वर सरकवले की त्याचे वर्तुळ अपुरे पडे आणि छायाचित्राचे वरचे कोपरे काळे राहत. कोणी याला दोष म्हणेल. आत्जेला त्याची फिकीर नव्हती. इमारत पूर्ण दिसली की त्याचे काम झाले. घरी आल्यावर तो निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून चौकटीत घट्ट बसवी आणि ती चौकट उन्हात ठेवी. सूर्यप्रकाशात चित्र सावकाश उमटले की सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून त्याला तो उबदार तपकिरी छटा देई. प्रत्येक प्लेटवर क्रमांक कोरलेला असे. क्रमांकावरून मालिका आणि मालिकेवरून विषय सापडे. धंद्याच्या सोयीसाठी लावलेली ही शिस्त पुढे इतिहासाच्या उपयोगी पडली.

या प्लेटांवर जे उतरले, त्याचा पसारा थक्क करणारा आहे. रस्त्यावरचे पेटीवादक आणि फेरीवाले, घोडागाड्यांचे नाना प्रकार, लाकडी ढोल, घोडा, कुलूप अशा आकृत्यांच्या पाट्या, दरवाजांवर कोरलेले मुखवटे, चर्चमधील शिल्पे, बड्या लोकांची दालने आणि कामगारांच्या खोल्याही. शहराच्या तटबंदीबाहेर पत्र्याच्या आणि फळकुटांच्या झोपड्या बांधून राहणारे चिंध्या-भंगार गोळा करणारे लोक त्याने १९१३ च्या सुमारास टिपले. कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतून वाहणारी बिएव्र नदी त्याने टिपली. ही नदी १९१२ पर्यंत शहराच्या हद्दीत संपूर्ण झाकली गेली. पॅरिसकरांना आज ती प्रामुख्याने अशा जुन्या छायाचित्रांतूनच भेटते. त्याच्या बहुतेक चित्रांत माणसे नाहीत. मात्र नीट पाहिले, तर एखाद्या खानावळीच्या काचेआडून नोकराचा कुतूहलाने भरलेला चेहरा डोकावतो आणि त्याच काचेत तिपाईजवळ उभ्या असलेल्या आत्जेचे अंधुक प्रतिबिंबही दिसते.

१९१४ च्या महायुद्धाने हा क्रम मोडला. वालांतीनचा मुलगा युद्धाच्या पहिल्याच वर्षी आघाडीवर मारला गेला. शहरावर तोफा-विमानांचे संकट आल्यावर आत्जेने आपल्या प्लेट तळघरात हलवल्या आणि छायाचित्रण जवळजवळ बंद केले. त्याला आपल्या जिवापेक्षा या काचांची चिंता अधिक होती. आपल्या पश्चात हा साठा ज्याला त्याचे मोल कळत नाही अशा माणसाच्या हाती पडेल, हे भय त्याला छळत होते. अखेरीस १९२० मध्ये त्याने ललित कला खात्याला पत्र लिहिले आणि आपल्याजवळ सारे जुने पॅरिस आहे, हे कळवले. सरकारने त्याच्या २,६२१ निगेटिव्ह दहा हजार फ्रँकला विकत घेतल्या. वीस वर्षांच्या श्रमाचा मोठा भाग सुरक्षित झाला आणि उतारवयात थोडा पैसाही हाती आला.

साठी ओलांडल्यानंतर गिऱ्हाइकाची मागणी आणि यादी यांचे ओझे उतरले, तेव्हा त्याच्या कामाला वेगळीच झळाळी आली. व्हर्सायची उद्याने तो पूर्वीपासून टिपत होता. आता तो पुन्हापुन्हा तिथे जाऊ लागला. सँ-क्लू येथील राजवाडा १८७० च्या युद्धात जळाला होता आणि पुढे त्याचे अवशेषही हटवले गेले होते. उरले होते ते त्याचे उद्यान, तळी आणि पुतळे. सो येथील उद्यान तर कित्येक वर्षे दुर्लक्षित होते. त्याची डागडुजी होण्यापूर्वी, १९२५ च्या मार्च ते जून या महिन्यांत, आत्जे तिथे वारंवार गेला. सकाळी सात-आठच्या उजेडातले मोडके जिने, वेलींनी वेढलेल्या दगडी मूर्ती, पाण्यात थरथरणारी झाडे. आणि काही चित्रांच्या नोंदीत महिन्याबरोबर वेळही लिहिलेली. शिल्पकाराने पुतळा घडवला, पण पाऊस, शेवाळ आणि ऊन यांनी त्याला पुढे काय केले, ही दुसरी कहाणी आत्जेने सांगितली. सार्वजनिक शिल्प कसे टिपावे, याचा वस्तुपाठ म्हणून ही मालिका आजही अभ्यासली जाते.

त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर मॅन रे या अमेरिकन कलावंताचा स्टुडिओ होता. स्वप्न आणि वास्तव यांची सरमिसळ शोधणाऱ्या अतिवास्तववादी मंडळींना आत्जेची निर्मनुष्य गल्ली, दुकानाच्या काचेमागचे पुतळे आणि त्यांवर पडलेली रस्त्याची प्रतिबिंबे विलक्षण वाटली. १९२६ मध्ये त्यांच्या नियतकालिकात त्याची काही छायाचित्रे छापली गेली. ग्रहण पाहण्यासाठी जमलेल्या गर्दीचे १९१२ मधील छायाचित्र तर मुखपृष्ठावर आले. त्यासोबत आपले नाव छापू नये, असे आत्जेने सांगितले. ते केवळ दस्तऐवज आहेत, यावर तो ठाम राहिला.

मॅन रेच्या स्टुडिओत बेरेनिस अॅबट ही तरुण अमेरिकन मुलगी साहाय्यक होती. १९२५ मध्ये आत्जेची छायाचित्रे पाहून ती भारावली. त्याच्याकडे जाऊन जमेल तेवढ्या पैशांत ती एकेक छायाचित्र विकत घेऊ लागली. १९२६ मध्ये वालांतीनचे निधन झाले आणि आत्जे मनाने खचला. पुढच्या वर्षी अॅबटने त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून त्याची छायाचित्रे काढली. ठिगळे लावलेल्या कामाच्या कपड्यांतला आत्जे तिला हवा होता. तो आला मात्र नीटनेटका कोट घालून. छापलेली छायाचित्रे दाखवायला ती त्याच्या घरी गेली, तोवर उशीर झाला होता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, आत्जेने या जगाचा निरोप घेतला होता.

घरात उरलेल्या साठ्याचे काय होणार, हा प्रश्न आता उभा राहिला. आत्जेचा जुना नटमित्र आंद्रे कालमेत याच्याकडे त्याची व्यवस्था आली होती. त्याने निगेटिव्हचा एक मोठा भाग सरकारी संग्रहाकडे सोपवला. उरलेल्यासाठी अॅबटने त्याचा शोध घेतला, पत्रे लिहिली, पाठपुरावा केला आणि १९२८ मध्ये हजाराहून अधिक निगेटिव्ह व हजारो छायाचित्रे विकत घेतली. त्यासाठी तिने पैसे कसेबसे उभे केले होते. १९२९ मध्ये हा ठेवा तिच्याबरोबर न्यूयॉर्कला गेला. पुढची चार दशके तिने तो सांभाळला, त्यांतून नव्या प्रती काढल्या, पुस्तके प्रसिद्ध केली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा संग्रह विकत घेतला आणि १९८१ ते १९८५ या काळात चार प्रदर्शने व चार खंड यांच्याद्वारे आत्जेला जगापुढे मांडले. अॅबटने स्वतः १९३० च्या दशकात बदलत्या न्यूयॉर्कचे जे गाजलेले चित्रण केले, त्यामागची प्रेरणा पॅरिसच्या या वृद्धाचीच होती.

१९९७-९८ मध्ये क्रिस्तोफर राउशेनबर्ग या अमेरिकन छायाचित्रकाराने आत्जेच्या जागी उभे राहून तीच सुमारे पाचशे दृश्ये पुन्हा टिपली. जुन्या क्रमांकांच्या आणि पत्त्यांच्या आधारे या जागा सापडू शकल्या. आणि त्यांतल्या कितीतरी अजून ओळखू येत होत्या. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या नगरपालिका संग्रहालयांनी लाखभर प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या, त्यांत आत्जेचीही छायाचित्रे आहेत. आज खिशातला फोन काढून एका सकाळी शेकडो दृश्ये टिपता येतात आणि पुतळ्याचे नाव, रस्ता किंवा दिवस न नोंदवता ती विस्मरणातही जातात. आत्जेजवळ प्रत्येक फेरीला मोजक्याच प्लेट असत. म्हणून कॅमेरा मांडण्यापूर्वी तो जागा निरखून पाही आणि घरी परतल्यावर प्लेटवर क्रमांक घालायला विसरत नसे.